सरपंचपतींना मानधन द्या!

राज्यातल्या सर्वांत कष्टाळू आणि सर्वांत उपेक्षित लोकसेवकाची बाजू आज मांडायची आहे. हा माणूस निवडणूक लढवत नाही, मानधन घेत नाही, तरी पाच वर्षं गावगाडा हाकतो. त्याला सरपंचपती म्हणतात.

त्याचे कष्ट बघा. तहसीलच्या सोडतीत सरपंचपदाला ‘महिला’ आरक्षण निघालं की त्याच संध्याकाळी भाऊंच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट चढतो. फ्लेक्सवर वहिनी हात जोडून उभ्या. मतदारांचा गोंधळ नको म्हणून शेजारी भाऊ तिप्पट मोठे. निकालानंतर गुलाल भाऊंवर, ओवाळायला वहिनी. पुढे वहिनींच्या डिजिटल सहीचं डोंगल भाऊंच्या खिशात, गाडीच्या किल्लीबरोबर. मासिक सभेत मधली खुर्ची भाऊंची. रजिस्टर सहीसाठी घरी जातं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असा नियम आहे. तिथेही भाऊ हजर. बायकांच्या अडचणी बायकांना नीट समजावून सांगायला कोणीतरी हवंच ना!

परराज्यांत तर याहून प्रामाणिक लोक आहेत. मार्च 2025 मध्ये छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात सहा महिला पंच निवडून आल्या आणि शपथेला उभे राहिले त्यांचे नवरे. बिचाऱ्या सचिवाला निलंबित व्हावं लागलं. बाकीचे जे पाच वर्षं गुपचूप करतात, ते यांनी पहिल्याच दिवशी उघड्यावर केलं, एवढाच गुन्हा.

‘बाईला काय कळतं?’ हा प्रश्न योग्यच आहे. पुरुष सरपंच गायरान, घरपट्टी आणि वित्त आयोगाचा निधी पाळण्यातच शिकून येतो. त्याला नाही कळलं तर ‘ग्रामसेवक सांभाळून घेतात’. तिला नाही कळलं तर आरक्षणच चुकलेलं असतं. आणि तिला कळायला लागलं, तर मग फारच पंचाईत. दोन वर्षांनी वहिनी सहीआधी कागद वाचतात, ‘ही गटार नेमकी कुठे बांधली?’ असं विचारतात आणि एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही गट अविश्वास ठरावावर एकत्र येतात. गावात एकी घडवण्याचं श्रेय वहिनींना द्यायलाच हवं.

महाराष्ट्राने पंचायतींत महिलांना 50 टक्के जागा 2011 मध्येच दिल्या. विधानसभेत मात्र 288 पैकी 2024 मध्ये 21 महिला निवडून आल्या. गाव बाईच्या नावावर ठेवायला हरकत नाही. मुंबईचा सातबारा वेगळा. लोकसभा आणि विधानसभांतल्या 33 टक्क्यांचा कायदा 2023 मध्ये झाला तोही जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट घालूनच. भावी आमदारपतींना शर्ट शिवायला वेळ नको?

म्हणून मागणी एकच. सरपंचपती हे पद कायदेशीर करा. मानधन द्या, खुर्ची द्या, दारावर पाटी लावा. फक्त बिलावर सही त्यांची घ्या आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुलीची नोटीसही त्यांच्याच नावाने काढा. आदेश निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगावचे भाऊ हात जोडून सांगतील, “आम्हाला कशाला विचारता? सरपंच त्या आहेत.”