क्लच दाबा, गुडघा सांभाळा

भाच्याने जुनी ऑक्टाव्हिया आरएस रिमॅप करून 200 हॉर्सपॉवरच्या पुढे नेली. मूळ क्लच घसरू लागला: चौथ्या गिअरला आरपीएम आभाळात, गाडी जागच्या जागी, वर जळका वास. मेकॅनिक म्हणाला, "ऑरगॅनिक प्लेटच ठेवा, प्रेशर प्लेट कडक टाकू. हॉर्सपॉवर सोडा, टॉर्क बघा." पण साहेबांना सिरॅमिकच हवी, रेसिंगवाले वापरतात ना! तिला अर्धवट धरणं ठाऊकच नाही. एक तर सोडते, नाहीतर मानगूट पकडते. आता कर्वे रोडच्या प्रत्येक सिग्नलला गाडी बेडकासारखी उड्या मारत निघते. सोबत टाकलेल्या कडक प्रेशर प्लेटने डावी मांडी मात्र पैलवानाची झालीय. परवा नळ स्टॉपला रिक्षावाल्याने आपुलकीने विचारलं, "दादा, नवीन शिकताय का?"