जरा इकडे या, वहिनी

वहिनी, आधी तो पाइप बंद करा आणि अशा कढीपत्त्यापाशी या. मोठ्याने सांगायची गोष्ट नाही. माझा मोगरा कुणीतरी खुडून नेतंय. काल संध्याकाळी मोजल्या होत्या, 22 कळ्या. सकाळी दोन! आणि मी आठवडाभर उन्हाला दोष देत बसले होते.

फेब्रुवारीत त्याची पानं ओरबाडली तेव्हा तुम्ही मला वेड्यात काढलं होतंत, आठवतंय? पण मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीवर. जुनी फांदी कितीही लाडावून ठेवा, नुसती पानंच दाखवते. आणि रागावू नका, पण भर बाराच्या उन्हात पाणी घालू नका हो. निम्मं वाफ होऊन जातं. सहाच्या आत बुंध्याशी घालायचं, वर पाचोळ्याचा जाडसर थर. माती संध्याकाळपर्यंत ओलसर राहते.

माझं ते उरकलं की गुंड्या फाटकाशी उभाच. मग आम्ही गंगेवर, आपल्या गोदावरीवर. उन्हं चढायच्या आत परत, कारण नंतर डांबर असं तापतं की विचारू नका. हाताची उलटी बाजू पाच सेकंद टेकवून बघा एकदा. आपल्याला सोसत नाही, तर त्याच्या पंजांना कसं सोसेल? त्याला बिचाऱ्याला घाम येतो तो तळव्यांनाच, बाकी सगळी भिस्त जीभ काढून धापा टाकण्यावर.

आमच्या वेंगुर्ल्याच्या धाकटीचं बरं आहे. तिचा कुत्रा रोज समुद्रावर. लाटेवर भुंकतोय, खेकड्यामागे वाळू उकरतोय, रोज एक व्हिडिओ. वर विचारते, ‘तू कुठे गं फिरवतेस, धुळीत?’ मीही ऐकवलं. म्हटलं, आमची गंगा ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून तुझा अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. पण बाईसाहेबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि 1,465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला गेल्या. तिलाच तो नको होता, मी कशाला हळहळू?

तरी रविवारी यांना म्हटलं, चला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला. काय वारा होता, वहिनी! लहान लहान लाटासुद्धा येत होत्या. गुंड्या पोटापर्यंत पाण्यात, बाहेर यायचं नाव नाही. लगेच व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं, ‘आमच्याकडे अंग खारट होत नाही.’ घरी येऊन तासभर चिखल धुतला, ते काही लिहिलं नाही.

हां, आणखी एक. परवा तुमच्या नातवाने जाळीतून त्याला द्राक्षं टाकली. पोराला ओरडू नका, लाडानेच टाकली असतील. पण द्राक्ष काय नि बेदाणा काय, कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातं. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलंय. नाशकात जन्मून द्राक्षाला मुकलाय बिचारा.

तर मोगरा. आज पहाटे पावणेपाचलाच खिडकीत जाऊन बसले, दिवा न लावता. आली स्वारी. तोंडाला पंचा गुंडाळलेला, हातात पुडी बांधायला कालचा पेपर. देवाच्या फुलांची चोरी चोरी नसते म्हणे! गुंड्या उठला. म्हटलं, आता धरतो धोतर. तर कसचं काय, हा शेपटी हलवतोय! खिशातून ग्लुकोजचं बिस्किट निघालं, मग दुसरं. महिन्याभराची तरी ओळख असावी त्या दोघांची.

कोण म्हणून काय विचारता? पुडी घेऊन स्वारी शिरली ती तुमच्याच फाटकातून आत. आणि तुमच्या अंबाड्यावरचा गजरा मघापासून घमघमतोय.

अहो, लाजताय काय! हवा तेवढा मोगरा न्या म्हणावं भाऊजींना. तेवढं बिस्किट मात्र बंद करायला सांगा. गुंड्याचं वजन फार वाढलंय.