मुंबईच्या पाहुण्यास लोकल जेवण घालण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातील समस्त यजमानांच्या सोयीसाठी तयार केली आहे. थंडीच्या दिवसांत लोंढा स्टेशनवर उतरणारा मुंबईचा पाहुणा हा तिचा विषय. ओळखायला सोपा असतो. पाठीवर सॅक, कानात बोंडं, आणि चहाची कपबशी हातात पडायच्या आत प्रश्न : "इथलं लोकल काय मिळतं?" पूर्वी हा प्रश्न होमस्टेवाल्यांपुरता होता. गणेशगुडीला काळी नदीत रबरी होड्या आल्या, अणशीच्या जंगलाचा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून सख्खे नातेवाईकसुद्धा हाच प्रश्न घेऊन येतात. आमच्या मावशीचा मुलगा डोंबिवलीला असतो. ही मार्गदर्शिका त्याच्यावर बेतलेली नाही. त्याने तसा समज करून घेतल्यास आमचा नाइलाज आहे.

कलम पहिले : लोकल कशास म्हणावे, हे पाहुण्याकडूनच शिकून घ्यावे.

यजमान पिढ्यान्‌पिढ्या इथे राहत असल्यामुळे त्याला यातलं काही कळत नाही, हे गृहीत धरावं. चुलीवरचं ते लोकल, गॅसवरचं नव्हे. पानावर वाढलेलं लोकल, स्टीलच्या ताटातलं नव्हे. आजीने केलेलं लोकल, वहिनीने केलेलं असल्यास "तुम्ही हे आजीकडून शिकलात ना?" अशी खातरजमा करून घेतली जाते. सकाळी आमच्याकडे उप्पीट होतं. ते आमच्या पाहुण्याने, म्हणजे भाऊसाहेबांनी, नाकारलं, कारण ते माटुंग्यालाही मिळतं. माटुंग्याला ते कुणी नेलं? उडुपीवाल्यांनी. उडुपी आमच्याच किनाऱ्याने खाली उतरलं की येतं. म्हणजे पदार्थ आमच्या बाजूने मुंबईला गेला, एवढ्यावरून तो मुंबईचा झाला आणि आमच्याकडे परका ठरला. "काय की, ह्यांना काय पाहिजे तेच कळंना," असं म्हणत घरधनिणीने ते उप्पीट पोरांच्या डब्यात भरलं.

कलम दुसरे : पाहुण्यास त्याच्या गावचे लोकल काय, असे विचारू नये.

विचारलंत तर तासभर मोडतो. तो छाती फुगवून वडापाव सांगेल. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमारास अशोक वैद्यांनी तो पहिल्यांदा विकला असं मानतात, तेही सांगेल. त्यातला पाव पोर्तुगीजांबरोबर आला, बटाटा त्यांच्याच जहाजांतून आला, आणि लसणीच्या चटणीतली मिरचीसुद्धा समुद्र ओलांडून आलेली आहे, हे आपण सांगायला जाऊ नये. बनमस्का इराण्यांचा, डोसा उडुप्यांचा, तरी सगळं अस्सल मुंबईचं. आणि ते आहेच! कुणी कुठूनही येऊन तिथे चूल मांडावी आणि चार वर्षांत ती चव त्या शहराची व्हावी, ही मुंबईची ताकद आहे, हे मी मनापासून म्हणतो. माझी तक्रार एवढीच की ही सवलत तो आम्हाला देत नाही. मुंबईने बाहेरून घेतलं की कॉस्मोपॉलिटन, आम्ही घेतलं की बिघडलो.

उदाहरणार्थ, गोबी.

आमच्या भागातल्या कुठल्याही जत्रेत जा. देवळाच्या वाटेवर नारळ-फुलं, खेळणी, आणि पुढे मोठ्या कढईत खणखण कालथा वाजवत उभा असलेला गोबी मांचुरियनवाला. पोरं पालखी विसरतील, गोबी विसरणार नाहीत. हे बघून भाऊसाहेबांना झालेलं दुःख शब्दांत सांगता येणार नाही. "इथेही हेच?" आता हा मांचुरिया आला कुठून? कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात पहिलं चिकन मांचुरियन केलं, असं सांगतात. कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला आणि तो सगळ्या कर्नाटकभर पसरला. म्हणजे आमच्या जत्रेतला हा पदार्थ भाऊसाहेबांच्याच गावचा. २०२४मध्ये घाटाखाली म्हापशाच्या पालिकेने गोबीच्या गाड्यांवर बंदी घालण्याचं ठरवलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबीत कृत्रिम रंग घालायला मनाई केली. रंग गेला ते बरंच झालं. गर्दी मात्र कमी झालेली दिसत नाही.

आणि इथे मूळचं म्हणून काय दाखवायचं, हाही प्रश्नच आहे. आमच्या तालुक्याचं आधीचं नाव सुपा. ते सुपा गावच धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथली माणसं रामनगरला आली. एका ओळीत कोकणी, मराठी, कन्नड बोलणारी घरं, आणि चुली सगळ्यांच्या एकमेकींकडे बघून शिकलेल्या. यातली कुठली चूल लोकल?

असो. कलम तिसरे, आणि हे मात्र वहीत उतरवून घ्यावे : पाहुण्यास कंद घालावेत.

कारण एवढं सगळं ऐकवून झाल्यावरही, जोयड्याची म्हणून जी एक गोष्ट आहे ती हीच, आणि ती इथल्या कुणबी कुटुंबांनी जपली आहे. कोन नावाच्या कंदाचा वेल झाडावर चढतो, कंद जमिनीत पोसतो. पावसाळा सरून वेल वाळला की खणायचा. वेल पार गळून गेल्यावर जागा सापडत नाही, म्हणून आधीच खूण करून ठेवायची. काटेकणगी वरून केसाळ नि काटेरी, आतून पांढरी. नुसती उकडून मिठाबरोबर खावी. मुडली ही अळूच्याच जातीची, पण मुंबईच्या बाजारातली अळकुडी वाटीत मावते, मुडलीला परात लागते. तिचे जाड काप करून, तिखट-मीठ-आमसूल लावून, रव्यात घोळवून तव्यावर मंद आचेवर ठेवायचे आणि झाकण ठेवायचं नाही, कडा कुरकुरीत व्हायला हव्यात. किंवा सुकी सुंगटं घालून आमटी. मग भात जास्तीचा टाकावा लागतो.

खाजेचं शास्त्र असं. सुरण काय, मुडली काय, यांच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. म्हणून चिरताना हात कोरडे ठेवून तेल लावावं, धुणं नंतर. शिजवताना चिंच किंवा आमसूल हवंच, आणि कच्चट ठेवू नये, नाहीतर घसा बोलतो. पाहुणा "मी चिरतो" म्हणाला तर अवश्य विळी द्यावी. तेलाचं लगेच सांगावं. उप्पीट नाकारलेलं असल्यास थोडं थांबून सांगावं.

कलम चौथे : तांबड्या मुंग्यांची चटणी व्हिडिओसाठी करू नये. मुंग्यांचं घरटं झाडावर असतं आणि ते उतरवणाऱ्याला मुंग्या चावतात, पाहुण्याला नव्हे. ओडिशात मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मागणी वाढली आहे.

कलम पाचवे : फोटो काढून होईपर्यंत दुसरी भाकरी टाकू नये.

कलम सहावे : मोजू नये. भाऊसाहेबांनी मुडलीचे काप किती खाल्ले याची नोंद आम्ही ठेवलेली नाही. फोटो काढायचं विसरले, एवढं सांगतो. स्टीलचं ताट होतं, गॅसवर केलं होतं, वहिनीने केलं होतं. जेवून उठल्यावर ताट स्वतः घासलं आणि म्हणाले, "वहिनी, उद्या सकाळी उप्पीट करा की."

तेव्हा मुंबईकरांनो, या. जानेवारीच्या सुमारास जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो, तेव्हाच या म्हणजे सगळे प्रकार एका ठिकाणी बघायला मिळतील. विकायला बसलेल्या बाईशी घासाघीस करू नका, तो कंद तिने रानडुकरांच्या आधी खणून काढलेला असतो. घरी नेल्यावर फ्रिजमध्ये कोंबू नका, माती न धुता कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. आणि येताना दादरचे वडे आणा, आमची पोरं वाट बघतायत.