आत्याला मागं बसवून बघा

नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा बॉनेटवर हार असतो, पेढे असतात, हातभर लांब पुठ्ठ्याची किल्ली धरून फोटो होतो. त्याआधी दहा मिनिटांची एक चक्कर झालेली असते. गाडीत दोघंच, घेणारा आणि विकणारा. रस्ता गुळगुळीत, डिकी रिकामी, मागच्या सीटांवरचं प्लास्टिकही निघालेलं नसतं. बैल घ्यायचा तर आपण त्याचे दात बघतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो. सात सीटांची गाडी मात्र दोघांनी बसून पसंत करतो. याचा मला राग येतो.

धाकट्या भावानं यंदा अशी गाडी घेतली. हळदीचे पैसे आणि वर बँकेचं कर्ज. हळद जूनच्या आसपास लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, मग शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि वसमत नाहीतर हिंगोलीच्या बाजारात न्यायची. घरातल्या बाया त्या शिजवण्या-वाळवण्यात महिनाभर राबतात. त्या पैशातून आलेल्या गाडीत चांगली जागा त्यांच्या वाट्याला यायला नको?

औंढ्याचा नागनाथ दाराशी, तो बघून झालेला, म्हणून आत्याला त्र्यंबकेश्वर बघायचं होतं. औंढा, जिंतूर, मंठा, जालना, तिथून समृद्धी महामार्ग आणि मग घोटीकडून त्र्यंबक. चारशे किलोमीटरच्या पुढचा पल्ला. पुढं भाऊ आणि दाजी. मध्ये ताई, पुतणी आणि भावजय, तिच्या मांडीवर दोन वर्षांचं लेकरू. मागं आत्या आणि मी. मधली सीट दुमडून, वाकून, एक पाय उचलून मागं शिरायचं असतं. आत्याचं वय अडुसष्ट. एवढ्या कसरतीनंतर बसली तेव्हा तिचे गुडघे छातीशी आले होते, कारण तिथं सीट आणि गाडीचा तळ यांत वीतभरही अंतर नाही.

"बापू, गाडी लई चांगली हाय," आत्या म्हणाली, "पन माहे गुडघे कुठं ठिवू?"

गाडीच्या छापील माहितीपत्रकात तिच्या गुडघ्यांना कुठंच जागा नव्हती. अश्वशक्ती होती, पडद्याची लांबी-रुंदी होती, छताला उघडणारी काच होती. सरकारी मोजमापाचंही तेच. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेनं तेव्हाच्या जादा उपकरासाठी एसयूव्हीची ओळख पक्की केली: लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा जास्त, जमिनीपासूनची उंची किमान १७० मिलिमीटर. जुलै २०२३ मध्ये पुढचा खुलासा आला की ही उंची रिकाम्या गाडीची धरायची. कर लावायला ते माप ठीक आहे, पण आपण गाडी रिकामी नेतो कधी? सातजण, मांडीवरचं लेकरू, दोन बॅगा, पाण्याची कॅन, दशम्यांचा डबा आणि आत्याची पिशवी घेऊन निघालो, तर जिंतूरच्या अलीकडच्या एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. भाऊ चमकला. शोरूमच्या चकरेत असा गतिरोधक आलाच नव्हता.

भरलेल्या गाडीचं म्हणून एक वेगळं शास्त्र असतं आणि ते गाडीवरच लिहिलेलं असतं. चालकाचं दार उघडा, खांबावर टायरच्या हवेचा तक्ता चिकटवलेला दिसेल. त्यात बहुतेक दोन आकडे असतात: एक थोड्या माणसांसाठी, एक पूर्ण भारासाठी. आम्ही निघालो ते पहिल्याच आकड्यावर. जालन्यात पंपावर थांबून हवा वाढवली. समृद्धीवर कारला १२० पर्यंत वेगाची परवानगी आहे. भर उन्हात, तापलेल्या काँक्रीटवर, सात माणसांच्या ओझ्यानं टायर चुकीच्या हवेवर पळवणं म्हणजे जिवाशी खेळ. टायरमध्ये हवा कमी असली की त्याच्या बाजू सतत दबतात, आतून तापतात आणि शेवटी फुटतात. गाडी देताना हा तक्ता बोट ठेवून दाखवायला अर्धं मिनिट लागतं. आम्हाला तो कुणी दाखवला नाही. फोन गाडीला कसा जोडायचा ते मात्र वीस मिनिटं दाखवलं.

जालन्यापासून रस्ता सुरेख. दाजी पुढून सांगत होते, गाडी कशी तरंगतेय, आवाज कसा नाही. पुढं खरंच नव्हता. मागं चाकाच्या वर बसलेल्या आम्हाला टायरची घरघर सोडून काही ऐकू येत नव्हतं. एसीचा झोत मधल्या ओळीपर्यंत येऊन संपत होता. शेवटच्या ओळीची खिडकी उघडत नाही, काच कायमची बसवलेली. आणि इतकं मागं बसलं की गाडीचा प्रत्येक हेलकावा वाढून पोहोचतो, म्हणून तिथंच गाडी लागते. वैजापूरच्या आसपास आत्याचा चेहरा पांढरा पडला. लिंबू होतं, पिशवी होती, पण ती थांबा म्हणाली नाही. सगळ्यांचा खोळंबा नको, एवढंच पुटपुटली. आपल्या घरातल्या बाया मागच्या सीटवर तक्रार करत नाहीत, म्हणून ती सीट इतकी वाईट राहिली आहे.

पट्ट्याचं तर बोलायलाच हवं. माझ्या सीटचा पट्टा होता, पण तो अडकवायचं कुलूप नव्या सीट कव्हरखाली गाडलं गेलेलं. हौसेनं शिवून घेतलेलं कव्हर. ब्लेडनं शिवण उसवली तेव्हा कुलूप सापडलं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर कार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या सोबतचे एक असे दोघं गेले, दोघंही मागं बसलेले, दोघांनीही पट्टे लावले नव्हते. तेव्हा चार दिवस सगळ्या देशानं मागच्या पट्ट्याचं नाव घेतलं. पुढं मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना आदेश द्यावे लागले, की पट्ट्याची शिट्टी गप्प करणाऱ्या क्लिपा विकणं बंद करा. तशी क्लिप मी आजही कितीतरी गाड्यांत बघतो. लग्नाच्या वऱ्हाडात जरा नजर टाका.

सुरक्षेचे तारे सगळे विचारतात, भावानंही विचारले होते. भारत एनकॅप ही आपली चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, आणि ती चांगली गोष्ट आहे. गाडी ६४ च्या वेगानं अडथळ्यावर आदळवतात, आत माणसांचे पुतळे असतात. पण ते कुठं असतात? मोठे दोघं पुढं. मागं दोन लेकरांचे, एक दीड वर्षाचं आणि एक तीन वर्षांचं, दोन्ही मुलांच्या खास सीटमध्ये नीट बांधलेले. तिसऱ्या ओळीत कुणी नाही. म्हणजे मुलांसाठी मिळालेले तारे बांधलेल्या लेकरासाठी आहेत, मांडीवरच्या लेकरासाठी नाहीत. आईचे हात कितीही घट्ट असोत, त्या धक्क्यात लेकरू हातात राहत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार हजार रुपये दंड आहे. लेकराची सीट चार-पाच हजारांपासून मिळते. भावानं गाडीला सात हजारांची चाकं चमकवणारी सजावट केली होती. मी त्याला शिर्डीच्या थांब्यावर हे तोंडावर बोललो. तो रागावला, मग गप्प झाला. परतीच्या दिवशी नाशकात थांबून त्यानं सीट विकत घेतली. ती लागल्यावर गाडीत सातच माणसं बसू लागली, तशी ती बसायला हवीच होती, पण मग ताईला वेगळं यावं लागलं.

माझी कंपन्यांकडं एकच मागणी आहे. तिसरी ओळ विकताय ना, मग तिथं मोठं माणूस बसवून चारशे किलोमीटर जा आणि मग माहितीपत्रक छापा. आणि घेणाऱ्यांनो, चाचणीला जाताना घर घेऊन जा. विक्रेता म्हणेल एकदोघंच चला, तरी सातजण बसा. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस मागं चढवा, दहा किलोमीटर खराब रस्त्यानं न्या, उतरवा आणि त्याला विचारा. पैसे त्यानंतर.

परतताना जालना सोडलं आणि अंधार पडला. मंठ्याच्या रस्त्यावर समोरचा प्रत्येक चालक आमच्यावर डिपर मारत होता. भावाला वाटलं लाइट फार भारी आहेत. मागं ओझं असलं की गाडीचं नाक वर उचलतं आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टीअरिंगच्या उजव्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांचं एक छोटं चाक असतं, झोत खाली करण्यासाठी. ते तीनवर नेलं आणि डिपर थांबले.

आत्याला आम्ही जाताना घोटीतच पुढच्या सीटवर बसवलं होतं. पाय लांब करून ती गाडीत पहिल्यांदा झोपली. दाजी मागं, माझ्याशेजारी, आत्याच्या जागी. जिंतूर यायच्या आत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली.