आधी मुंग्या दाखवा

आमच्या सोसायटीतले नाना कुणाच्याही कॉम्प्युटरसमोर बसले की पहिलं वाक्य ठरलेलं : "आधी मुंग्या दाखवा." आपण 'कसल्या?' म्हणेपर्यंत त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि आठ ही तीन बटणं दाबलेली असतात. लगेच दर दोन शब्दांमध्ये एकेक ठिपका उमटतो, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उलटा 'पी' उभा राहतो आणि इतका वेळ सोज्वळ दिसणाऱ्या आपल्या मजकुराच्या अंगावर पित्त उठतं. नाना चष्मा कपाळावर सरकवून नाक पडद्याला लावतात. मथळा मधोमध यावा म्हणून कुणी चाळीसदा स्पेसबार ठोकला असेल, तर ठिपक्यांच्या रांगेवर बोट ठेवून म्हणतात, "इथं साखर सांडलीय."

मजकुराशी त्यांना देणंघेणं नाही. शेजारच्या वहिनींच्या मुलीला सांगून आलेल्या स्थळाचा बायोडाटा वर्डच्या फायलीत आला होता. सगळे उंची आणि पगार बघत होते. नानांनी मुंग्या काढल्या. "कुंडली पुढच्या पानावर न्यायला बावीस वेळा एंटर मारलाय. कंट्रोल-एंटर ठाऊक नाही. मुलगा कष्टाळू आहे, पण सांभाळून." वहिनींनी त्यातलं 'कष्टाळू' तेवढं उचललं आणि लग्न ठरवलं.

नानांची हयात सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून गेली. मराठी ३० आणि ४०, दोन्ही परीक्षा पास. स्टेन्सिल कापताना अक्षर चुकलं, तर त्यावर लाल औषध लावून वाळेपर्यंत फुंकर घालत बसायचं. "तेव्हा चूक निदान दिसायची," ते म्हणतात, "तुमची चूक दिसत नाही, नुसती छळते."

मला छळलं ते गेल्या वर्षी. मी सोसायटीचा सेक्रेटरी. सप्टेंबरअखेर सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, म्हणून अहवालाची घाई. मुलीच्या कॉलेजच्या प्रकल्पाची फाइल देखणी होती. तीच नव्या नावाने सेव्ह केली, तिचं लिखाण काढून आमचं भरलं आणि तिच्या आडव्या तक्त्याच्या जागी ताळेबंद बसवला. मग बघतो तर सातव्या पानानंतर थेट नववं. ताळेबंदाच्या डोक्यावर 'प्रकरण तिसरे : गांडूळखताचे गुणधर्म'. आणि ताळेबंद संपला की पुन्हा पान १. वैतागून कुठेतरी डिलीट दाबलं, तर आधीची सातही पानं आडवी झाली. रात्री साडेदहाला मी नानांची बेल वाजवली.

नाना आले. कंट्रोल-झेड दाबून पानं उभी केली आणि खुर्ची मला देऊन म्हणाले, "आता तुम्ही शोधा." हा त्यांचा सगळ्यात वाईट गुण. स्वतः दोन मिनिटांत करतील, पण नाही. फाइंडच्या चौकटीत टोपीचं चिन्ह आणि इंग्रजी 'बी' टाइप करायला लावलं. एकामागून एक सहा सेक्शन ब्रेक सापडले. एक तर ओळीच्या टोकाला, समासाला चिकटून, जेमतेम दोन ठिपक्यांएवढा. "ओळ भरलेली असली की बिचाऱ्याला पाय पसरायला जागा मिळत नाही. म्हणून सुटतो नजरेतून."

चहा झाल्यावर प्रवचन : "सेक्रेटरी, ब्रेक म्हणजे भिंत. अलीकडच्या खोलीचं सगळं सामान या भिंतीला टांगलेलं असतं. समास, आडवं-उभं, पानांचे आकडे, सगळं. भिंत पाडलीत की खोली पलीकडच्याच्या ताब्यात. म्हणून तुमचा अहवाल ताळेबंदासारखा आडवा झाला." आणि आठवं पान? "मुलीनं प्रत्येक प्रकरण विषम पानावर सुरू केलंय, पुस्तकात करतात तसं. पोरीला वळण आहे. आठवं पान पडद्यावर दिसणार नाही, प्रिंटरमधून मात्र कोरं बाहेर पडेल." साठ प्रती, साठ कोरी पानं. खजिनदारांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

तो ब्रेक 'नेक्स्ट पेज'चा केला, शीर्षकाची मागल्या सेक्शनशी असलेली जोडणी तोडली, आकडे पुढे चालू केले. साडेबारा वाजले. तीन चहा झाले. जाताना दारातून नाना म्हणाले, "मजकूर वाचला नाही हं मी."

सभेत सगळ्यांनी आधी थकबाकीदारांची यादी उघडली. पाण्याच्या टाकीवरून तासभर भांडण झालं, पार्किंगवरून दीड तास. पानांच्या आकड्यांबद्दल एकानेही तोंड उघडलं नाही. मागच्या रांगेत नाना हाताची घडी घालून तृप्त बसले होते. त्यांच्या खात्यात पोचपावती अशीच येते.