बरे झाल्याची तारीख

प्रति,
माननीय साहेब,
काचेच्या केबिनीत.

विषय : सोंगाबाबत खुलासा.

महोदय,

सोमवारी आपण माझा रजेचा अर्ज परत पाठवलात. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘ताप आहे काय? बरे झाल्याची तारीख लिहिलेली नाही.’ तेवढ्यावर थांबला असतात, तर हे पत्र लिहिलं नसतं. पण काउंटरवर पाच खातेदार उभे असताना आपण केबिनीतून डोकावून म्हणालात, ‘‘काल लग्नात तर चांगल्या मिरवत होता. सोंगं पुरे झाली आता.’’ रांगेत आमच्या डिंगोरे गावचे दोघं होते. संध्याकाळी मी एसटीतून उतरायच्या आत आपला शब्द घरी पोचला होता.

म्हणून हा खुलासा.

लग्न गोरज मुहूर्तावरचं होतं. तोवर दिवसभराच्या हालचालीनं माझे सांधे सैल होतात. आपण पाहिलीत ती संध्याकाळची मी. सकाळच्या बाईशी आपली ओळख नाही. ती साडेचारला उठते, कारण घरचं आवरून नऊची एसटी गाठायची तर बोटांना त्याआधी तासभर जागं करावं लागतं. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून ती बसते. मूठ मिटली की तो दिवस चांगला. भाकरी थापायला मनगट नकार देतं. गाईची धार सासूबाईंनी एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा आपल्याकडे घेतली आहे. बिबट्याच्या भीतीनं अंधारात गोठ्याकडे एकटं कुणी जात नाही, पण इतरांना निदान पळता तरी येतं. पुढं माळशेजकडून भरून आलेली एसटी. तिच्या पायरीची उंची ज्यानं ठरवली, त्याचे घोटे शाबूत असावेत. ओतूरपर्यंत जागा मिळत नाही आणि दांडा धरायला मूठ लागते.

एवढं करून दहाच्या ठोक्याला काउंटरवर बसायचं आणि नोटा मोजायच्या. शंभर नोटांच्या बंडलात अंगठा शंभर वेळा वाकतो, साहेब. कधी आपल्या अंगठ्याला विचारून पाहा. नोटा मोजायचं यंत्र पतसंस्थेकडे आहे, पण ते दिवाळीपासून बंद आहे. त्याच्या दुरुस्तीचा अर्जही आपल्याच टेबलावर आहे. निदान त्याच्याकडे तरी बरे झाल्याची तारीख मागू नका.

मला ताप आला सप्टेंबर 2024 मध्ये. त्या पावसाळ्यात पुण्यात, नागपुरात चिकनगुनियाचे रुग्ण वाढले होते. आमच्या आळीतही चार घरं आडवी झाली. ताप पाच दिवस होता. त्या पाच दिवसांत आपण दोनदा फोन केलात आणि संस्थेतून शहाळी आली. थर्मामीटरचा पारा सर्वांना दिसत होता. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि त्याबरोबर माझी पतही उतरली.

या रोगाचं नाव आलं आफ्रिकेतल्या माकोंदे लोकांच्या भाषेतून. आजच्या टांझानियात 1952 साली साथ आली, तेव्हा त्यांनी तापावरून नाव ठेवलं नाही, दुखण्यानं वाकलेली माणसं बघून ठेवलं. त्यांनी सहावा दिवस पाहिला होता. आपण सगळ्यांनी मात्र नावात ‘चिकन’ तेवढं ऐकलं. त्यातच 2006 ला नवापुरात कोंबड्यांवर बर्ड फ्लू आला, मग काय, बिचाऱ्या कोंबडीवर दोन-दोन आरोप! खरा गुन्हेगार दिवसाढवळ्या चावणारा डास, आणि तो आपल्याच पिंपात, कुंडीत, कूलरच्या साठल्या पाण्यात वाढतो.

विषाणू साधारण आठवड्याभरात रक्तातून जातो. सांध्यांची सूज मागं राहते, कुणाला काही महिने, कुणाला वर्षानुवर्षं. माझा संधिवाताचा आरए फॅक्टर निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ. डॉक्टरांनी ‘चिकनगुनियानंतरचा संधिवात’ असं लिहून दिलं आणि ‘धीर धरा’ म्हणाले. तो कागद अर्जाला जोडला होता. आपण तो उलटून पाहिलात, मागं तारीख असेल म्हणून.

आमच्याकडे बिबट्या फिरतो असं म्हटलं की वन खात्याची माणसं आधी ठसे बघतात. ठसे मिळाले की पिंजरा लागतो. माझ्या दुखण्याचे ठसे कागदावर उमटत नाहीत, एवढाच माझा अपराध. ज्या पुणे जिल्ह्यात 1952 पासून विषाणूंवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथं माझ्या बोटांचा निकाल लाल पेन देतं.

बाकीच्यांचं काय सांगू? आळीतल्या बायका पारिजातकाची पानं उकळून आणतात. पाव्हणे निरगुडीचा शेक सांगतात. एक मावशी म्हणाल्या, ‘‘मनावर घेऊ नकोस.’’ मनावर कुठं घेतलंय, मनगटावर आलंय.

आता सोंगाचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. हे पतसंस्थेच्या साहेबांना वेगळं सांगायला नको. वर्षभरात माझे 38 दिवस बिनपगारी गेले. मुलीची फी भरायची आहे, म्हणून मी येते. आणि हो, सोंग मी करते, रोज करते. बरं असण्याचं करते. खातेदार ‘‘बऱ्या आहात ना?’’ विचारतात, मी हसून ‘‘हो’’ म्हणते. पासबुक हातातून निसटलं की पंख्याला दोष देते. आपले वसुलीचे दादा कोविड झाल्यापासून जिन्यात दोनदा थांबतात आणि मोबाईल बघितल्यासारखं करतात. तेही सोंगच. कोविडनंतर रेंगाळणाऱ्या दुखण्याची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 सालीच केली, पण ती आपल्या जिन्यापर्यंत आलेली नाही.

मला राग येतो, साहेब. उपरोध बाजूला ठेवते. मला एकोणीस वर्षं झाली या काउंटरवर. एका रुपयाचा फरक कधी आला नाही. रोज संध्याकाळी रोकड जुळवल्याशिवाय मी उठले नाही. त्या मला आपण चारचौघांत खोटारडी ठरवलंत, तेही एका लग्नातल्या फोटोसाठी उभी राहिले म्हणून. आजारी बाईनं हसायचं नाही, नवी साडी नेसायची नाही, भाच्याच्या अक्षता टाकायच्या नाहीत, असा ठराव कुठल्या सभेत झाला? नुसती रजा नाकारली असतीत तर बिनपगारी घेऊन गप्प बसले असते. माझा शब्द नाकारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

लिहिता लिहिता दुसरंच आठवलं.

हा विषाणू आपल्याकडे नवा नाही. 1973 साली बार्शीत त्याची साथ आली होती. नंतर तीसेक वर्षं तो देशात जवळपास दिसलाच नाही. 2005 च्या अखेरीस परतला आणि 2006 मध्ये देशभर 13 लाखांहून जास्त संशयित रुग्ण झाले. त्यात एक आपण होता. आपणच नेहमी सांगता, ‘‘आम्ही तो ताप अंगावर काढला, एक दिवस रजा घेतली नाही.’’ सगळे मान डोलावतात. पण गेल्या सत्यनारायणाला आपण पाटावर बसला नाहीत, ‘‘फोन येणार आहे’’ म्हणत दारात उभे राहिलात. केबिनीतून उठताना आपला डावा हात आधी टेबल दाबतो, मग आपण उठता. हे मी काउंटरवरून रोज बघते. आपण ताप अंगावर काढला म्हणता, पण तो अंगावरून उतरलेला दिसत नाही. तेव्हा आपल्याला कुणी खुर्ची पुढं केली नसेल. सोंग म्हटलं असेल कुणीतरी, लाल शाईत.

म्हणून मागणं थोडकं आहे. नोटांचं यंत्र दुरुस्त करावं. थंडी सरेपर्यंत मला साडेदहाला यायची मुभा असावी. ‘बरे झाल्याची तारीख’ या रकान्यात ‘अजून नाही’ एवढं लिहिलेलं चालावं. आणि पुढच्या पूजेला दोन खुर्च्या मांडाव्यात. दुसरी कुणासाठी, ते मी कुणाला सांगणार नाही.

आपली विश्वासू,
काउंटर क्रमांक दोन

ता.क. खालची सही आपल्याकडच्या नमुना सहीशी जुळणार नाही. ती सकाळी केली आहे. जुळणारी हवी असल्यास पाचनंतर बोलवावं.