अंड्याला झाकण, हुरड्याला दांडा

मला ते अंडं हवं आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा युक्तिवाद निःपक्षपाती असल्याचा संशय कुणी घेणार नाही. अंडं म्हणजे सिरॅमिकची ती जाडजूड कोळशाची भट्टी. मूळची जपानी कामाडो चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी ती घरी नेली आणि १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात थाटलेल्या दुकानातून ती पुढे ‘बिग ग्रीन एग’ या नावानं हिरवी होऊन जगभर पसरली. हिचं आकर्षण स्वयंपाकाशी फारसं निगडित नाही. गॅसची कुठली कळ कुठल्या बर्नरची, हे ज्याला दर वेळी वाकून बघावं लागतं, तोच गृहस्थ गच्चीवर निखाऱ्यांपुढे उभा राहिला की स्वतःला अग्निहोत्री समजू लागतो. त्यात या भट्टीच्या झाकणावर तापमापक असतो. त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहता येतं आणि गंभीरपणे मान हलवता येते. पाककलेतली ही एक क्रिया मला उत्तम साधेल, अशी माझी खात्री आहे.

भट्टीवर अन्याय नको. तिच्यामागचं तर्कशास्त्र पक्कं आहे. कोळसा किती तापणार हे त्याला मिळणाऱ्या हवेवर ठरतं. खाली एक झरोका, वर एक झरोका, दोन्ही कमी-जास्त करायचे की आच हुकमात येते. जाड सिरॅमिक उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे थोडा कोळसा आणि थोडी हवा पुरते; आणि आत हवा कमी खेळते म्हणून मांस वाळत नाही. सव्वाशे अंशांच्या आत तासन् तास मंद शिजवा, नाहीतर साडेतीनशेच्या वर नेऊन पिझ्झा भाजा, तिची ना नाही. प्रश्न एवढाच, की आमच्या सोलापुरात तिच्यात भाजायचं काय? उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्यावर विस्तव पेटवायला माणूस एकतर लोहार हवा किंवा रागावलेला. पावसाळा सोडून द्या. उरले मार्गशीर्ष, पौष, माघ. आणि या दिवसांत सोलापूर जिल्ह्यात उघड्यावर भाजण्याजोगी एकच गोष्ट सर्वांना आठवते, ती म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा. तेव्हा भट्टीची परीक्षा हुरड्यावरच घ्यायला हवी. पिझ्झ्यावर घेणं म्हणजे पेपर तिनंच काढल्यासारखं होईल.

या परीक्षेत ती पहिल्याच प्रश्नाला अडते, कारण कणसाला दांडा असतो. आगटीत, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात, कणीस राखेत खुपसतात आणि दांडा बाहेर ठेवतात. तोच धरून कणीस फिरवायचं, बाहेर काढायचं आणि गरमागरम चोळायचं. आता भट्टीची सगळी पुण्याई झाकणात, आणि दांडा बाहेर असेल तर झाकण लागत नाही. झाकण न लागलेलं अंडं ही फक्त फार महाग शेगडी आहे. यावर कोणी म्हणेल, दांडे छाटा. छाटले. सेहेचाळीस सेंटिमीटर व्यासाच्या जाळीवर दाटीवाटीनं डझनभर कणसं बसतील आणि भाजलीही जातील, यात शंका नाही. म्हणजे सत्तर किलोंहून जड यंत्र पेटवून एका भुकेल्या पाहुण्याची सोय झाली. त्याच्यामागे उभ्या असलेल्या नऊ जणांचं काय? पण माझा खरा आक्षेप राखेबद्दल आहे. भट्टीवाले बजावतात, दर वेळी राख काढा, नाहीतर खालचा झरोका बुजेल आणि हवा कोंडेल. आगटीत मात्र राख हाच मालमसाला. गोवरी धगधगत नाही, धुमसते. तिची राख निखाऱ्यावर बसून हवा अडवते, ऊब धरते आणि कणसाला चहूबाजूंनी सारखी आच देते. झरोका आणि जाड भिंत ही दोन कामं राख फुकटात करते. दाणा दुधातून चिकात गेला की गोडी जेमतेम काही दिवसांची. मग साखरेचं पिठूळ होतं आणि हुरड्याची ज्वारी होते. असल्या नाजूक दाण्याला राखेची मऊ धग लागते.

आणि हुरडा म्हटला की शेंगांची चटणी आलीच, तिच्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाणं मला तरी शक्य नाही. सोलापुरी चटणी म्हणून बाहेरगावी जी कोरडी लाल पूड विकतात, तिला चटणी म्हणणं हा चटणीचा आणि पुडीचाही अपमान आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. मिक्सरचं पातं दाणा चिरतं, उखळातला घाव तो चेचतो. चेचलेल्या दाण्यातून तेल सुटतं, त्यात लसूण आणि तिखट मुरतं, आणि चटणीचा गोळा वळता येतो. गोळा वळला नाही तर समजावं की घाव कमी पडले. मिक्सर फार वेळ फिरवला तर तेल सुटतं खरं, पण चटणीचं लोणी होतं, तेही तापलेलं. काही जण वरून तेल घालतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, संबंध कमी करतो. कडक भाकरी, घट्ट दही आणि ही चटणी समोर असली की हुरडा कितीही खाल्ला तरी मोजदाद लागत नाही. याच कारणानं हुरड्याच्या आमंत्रणाला यजमानापेक्षा पाहुण्याचं पोट जास्त घाबरतं. असो, मुद्दा राखेचा होता.

राखेच्या बाजूनं इतकं बोलल्यावर धुराचं उत्तर द्यायलाच हवं. गोवरीचा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट, हे खरं आहे. त्यात रोमँटिक काही नाही. पण तो धूर कोण खातं? शहरातून आलेला पाहुणा वाऱ्याची दिशा बघून खुर्ची हलवतो. आगटीपाशी बसलेल्याला हलता येत नाही. तो कणसं फिरवतो, चोळतो, पाखडतो, ताटल्या भरतो, आणि फोटोत त्याचा फक्त हात येतो. सिरॅमिकची भट्टी त्याचे डोळे वाचवणार असती, तर मी माझा सगळा युक्तिवाद गुंडाळून ठेवला असता. पण ती त्याच्यासाठी कुणी घेत नाही. ती आमच्या गच्चीवर येते, आणि वर्षाचे नऊ महिने झाकून राहते. पांघरूण मात्र अस्सल सोलापुरी चादरीचं.

हिशेबच मांडायचा तर मांडूया. मोठ्या आकाराच्या अंड्याला अमेरिकेत हजार डॉलरच्या वर पडतात, म्हणजे आपले ऐंशी हजारांहून अधिक. २०२४-२५ साठी सरकारनं मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये ठरवला. संकरित ज्वारीपेक्षा पन्नास रुपये जास्त. म्हणजे एका अंड्यात तेवीस क्विंटलांहून जास्त मालदांडी. ही मालदांडी ३५-१ आपल्याच मोहोळची निवड आहे, आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. काळ्या रानात, जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर ती येते. काढताना ताटं हातानं उपटावी लागतात, मग बाया ओळीनं बसून कणसं खुडतात. कोरडवाहू रानात तेवीस क्विंटल पिकवायला दोन-तीन हेक्टर जमीन आणि मेहेरबान पाऊस लागतो. २०२३ साल जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. इकडे उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथे रानं उसाखाली गेली. ज्याला ऊस परवडतो त्यानं ज्वारी का लावावी, असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही; पण ती त्यानं लावावी आणि मी तिचा हुरडा खावा, एवढी माझी अपेक्षा ठाम आहे. या अपेक्षेत मी कुठेही वाकून ताट उपटताना दिसत नाही, हे माझ्याही लक्षात आलेलं आहे.

शेवटचा आक्षेप मटणाचा. तिथे मी हरलो. बोकडाची अख्खी तंगडी मंद आचेवर मऊ करण्यात भट्टी आगटीला सहज मागे टाकते, वांग्याचं भरीतही झकास होईल. तेव्हा ज्याला घ्यायचीच आहे त्यानं घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून: झाकणाची बिजागरी भक्कम आहे का पाहावं, कडेची पट्टी झाकण बंद केल्यावर सगळीकडे सारखी टेकते का पाहावं, पहिले काही विस्तव मंद ठेवावेत, नाहीतर ती नवी पट्टी नीट बसण्याआधीच खराब व्हायची भीती. रॉकेल अजिबात शिंपडू नये. भिंत वास धरते आणि पुढे दर जेवणात तो परत येतो. कोळसा विटांसारखा साच्यातला नको, वखारीतला बाभळीचा मोठ्या ढेकळांचा घ्यावा. आणि झाकण एकदम उघडू नये; कोंडलेल्या निखाऱ्याला अचानक हवा मिळाली की ज्वाळा थेट तोंडावर येते. आधी बोटभर उचलावं, थांबावं, मग उघडावं. या थांबण्यात तापमापकाकडे पाहून गंभीरपणे मान हलवायला भरपूर वेळ मिळतो.